जुन्या बाहुलीचा चेहरा पुसण्याआधी

(कोल्हापुरात मंगळवार पेठेत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आवाज शेवटपर्यंत येतोय का? मागच्या रांगेतल्या आजींनी हात वर केला, म्हणजे येतोय.

मला बोलावलं तेव्हा मी आधी हेच विचारलं, की बाहुल्यांवर तासभर कोण ऐकत बसणार? तर म्हणाले, ताई, कोल्हापुरात कुठलाही नाद चालतो. ते खरंच आहे. याच पेठेत कुस्तीचा नाद आहे, फुटबॉलचा आहे, कबुतरांचा आहे. माझा त्यातल्या त्यात बिनआवाजाचा. लोकांनी टाकून दिलेल्या बार्बी आणि तिच्या जातीच्या बाहुल्या मी घेते, त्या धुते, केस विंचरते, लागलाच तर चेहरा पुसून परत रंगवते आणि अंगावर कपडे शिवते. व्यवसाय माझा ब्लाऊज शिवायचा. त्यामुळे कपड्यांचा भाग सोपा गेला. बाकीचं सगळं बाहुल्या बिघडवत बिघडवत शिकले. आज सांगणार आहे ते बरंचसं बिघडवलेल्या बाहुल्यांबद्दलच आहे.

आधी ही बाहुली म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्याकडे बाहुली म्हटलं की चिंध्यांची, नाहीतर लाकडी ठकी, नाहीतर सावंतवाडीच्या चितार आळीतली रंगीत खेळणी. बहुतेक बाहुली म्हणजे बाळ, नाहीतर नवरी. बार्बीचं वेगळं होतं. ती मोठी बाई होती, आणि खेळ तिच्या कपड्यांचा होता. रूथ हँडलर या बाईंनी ती काढली आणि ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत पहिल्यांदा मांडली. कल्पना तशी उसनी होती. जर्मनीत १९५५ पासून लिली नावाची अशीच एक बाहुली विकली जात होती, ती त्यांनी प्रवासात पाहिली होती. आपल्याकडे ती पोचली ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. ब्लो प्लास्ट म्हणजे व्हीआयपीच्या बॅगा करणाऱ्यांच्याच घरातली कंपनी, त्यांच्या लिओ या नावाखाली ती इथं बनायला लागली. म्हणजे आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेल्या बायका, त्या पहिल्या मुली. त्यांच्या बाहुल्या आता माळ्यावरून खाली यायला लागल्यात. घर पाडून अपार्टमेंट करायला दिलं की माळा रिकामा होतो, आणि मग पोती निघतात.

आता ही बघा. पाठ दाखवते, पुढच्यांना दिसेल. कंबरेखाली इथं उठावाचे आकडे आहेत, १९६६. हे वाचून लोक मला फोन करतात, की ताई, साठ वर्षांची बाहुली सापडली, किती लाख मिळतील? (हशा) १९६६ हे त्या शरीराच्या साच्याच्या नोंदणीचं साल आहे. तो साचा पुढं नव्वदच्या दशकापर्यंत वापरला गेला, आणि साल तेच उमटत राहिलं. जन्मतारीख नव्हे ती. डोक्याच्या मागं मानेशी वेगळं साल असतं, तेही साच्याचंच. खरं वय ओळखायचं तर देश कुठला लिहिलाय, डोळे कसे छापलेत, कंबर वळते की नाही, असं सगळं मिळून बघावं लागतं. आणि लाख मिळत नाहीत. माझ्याकडच्या बहुतेक बाहुल्या पन्नास रुपयांच्या आत आल्यात. काही भंगारवाल्या दादांनी फुकट दिल्या. एक मजा सांगते, सगळ्यात चांगला माल मला मिळाला तो पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी भरतो तो. तोही मंगळवार पेठेतच. म्हणजे मंगळवार पेठेतून मंगळवार पेठेत.

बाहुली घरी आली की पहिलं काम म्हणजे ती कशाकशाची बनलीय ते बघणं. हे कुणी करत नाही. बाहुली एक दिसते, पण ती तीन-चार प्लॅस्टिकांची असते. डोकं मऊ व्हिनाईलचं. दाबलं तर दबतं. धड टणक, नखानं वाजवलं तर टकटक वाजतं. पाय परत मऊ, आणि गुडघ्यात आतून सांगाडा असेल तर वाकवताना कट कट आवाज येतो. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. माझी अगदी पहिली बाहुली. तिच्या गालावर मार्करचा डाग होता. मी नेलपेंट काढायचं औषध घेतलं, त्यात अ‍ॅसिटोन असतं. गालावरचा डाग गेला, ओठही गेले, ते मी धरून चालले होते. पण हात तसाच ओला होता, आणि मी तिला छातीशी धरलं होतं. टणक प्लॅस्टिक अ‍ॅसिटोननं विरघळतं. माझ्या अंगठ्याचा ठसा तिच्या पाठीवर आजही आहे. रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. ती बाहुली मी कुणाला दिली नाही. पोलिसांना सापडली तर मी गेलेच. (हशा)

म्हणून नियम असा, की अ‍ॅसिटोन फक्त डोक्याला, आणि डोकं धडावेगळं करून. डोकं काढायचं तर गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा, मऊ पडलं की हळू हलवत काढा. थंड असताना ओढलं की आतला मानेचा खुंटा मोडतो, आणि मग बाहुली जन्मभर मान टाकते.

धुणं मात्र साधं आहे. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, जुना दात घासायचा ब्रश. डोक्यात पाणी गेलं तर पिळून, उलटं ठेवून दोन दिवस वाळवायचं, नाहीतर आत बुरशी येते, आणि आतली बुरशी बाहेरून काळे ठिपके होऊन दिसते. काही बाहुल्या कितीही धुतल्या तरी चिकट राहतात. त्याचं कारण दोन प्रकारचं असतं. व्हिनाईल मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं, ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं. चेहरा सतत घाम आल्यासारखा दिसतो. आणि दुसरं, केस जागेवर बसावेत म्हणून कारखान्यात डोक्याच्या आत गोंद ओततात, तो पुढं मुळांमधून केसांत झिरपतो. दोन्हीवर कायमचा उपाय नाही. धुवा, टाल्कम पावडर लावा, सहा महिन्यांनी परत धुवा. फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका. सुती कापडात गुंडाळा. आपल्या पैठण्या ठेवतो तशा.

केस. हा प्रश्न बायका सगळ्यात आधी विचारतात. शॅम्पू लावा, मग भरपूर कंडिशनर, आणि खालून वर विंचरत जा. वरून खाली ओढलं की मूठभर केस हातात येतात. हे तुम्हाला मुलींच्या वेण्या घालून माहीतच आहे. सरळ करायचे असतील तर विंचरून, उकळी बंद केलेलं गरम पाणी वरून ओता आणि तसेच वाळू द्या. कुरळे हवेत तर शीतपेयाच्या नळ्यांचे तुकडे कापून त्यावर गुंडाळा, मग पाणी ओता. धागा कुठला आहे त्यावर निकाल. नायलॉन आणि सारान हे धागे ऐकतात. पॉलिप्रॉपिलीनचे केस, अलीकडच्या स्वस्त बाहुल्यांना असतात ते, कायम गवतासारखे लागतात. त्यांना इस्त्रीचा तो केस सरळ करायचा चिमटा लावलात तर वितळून एक गठ्ठा होतो. आधी मानेजवळची एकच बट घेऊन बघा. अगदीच टक्कल पडलं असेल तर नवीन केस ओवता येतात, सुईनं, एकेक भोक करत. मी बाजारातलं नायलॉनचं गंगावन वापरते. एका डोक्याला मला पंधरा दिवस लागतात, गिऱ्हाइकांचे ब्लाऊज सांभाळून.

आता डागांकडे येते, कारण मला खरं सांगायचंय ते इथं आहे.

बॉलपेनची शाई व्हिनाईलवर पडली की ती वर राहत नाही, आत मुरते. आणि मुरताना पसरते. आज काढलेला बारीक ठिपका दहा वर्षांनी निळा-हिरवा फुगलेला डाग होतो. साबणानं जात नाही, अ‍ॅसिटोननं जात नाही. त्यावर उपाय एकच, मुरमांवर लावतात ते बेन्झॉईल पेरॉक्साईडचं मलम. औषधाच्या दुकानात मिळतं. डागावर जाड थर द्यायचा, वरून पातळ प्लॅस्टिक लावायचं म्हणजे वाळत नाही, आणि उन्हात ठेवायचं. आपल्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवर तीन-चार दिवस पुरतात. शाई आतच विटते, रंगहीन होते. जास्त ठेवलंत तर व्हिनाईलचा स्वतःचा रंगही विटतो आणि गालावर पांढरा चट्टा पडतो, म्हणून रोज बघायचं. मला यात फार मजा यायची. सकाळी ठेवायचं, संध्याकाळी डाग फिकट झालेला बघायचा.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एक काकू. माझ्याकडे ब्लाऊज टाकायच्या. त्यांनी एकदा पिशवीतून बाहुली आणली. म्हणाल्या, लेकीची आहे, नात आता चार वर्षांची झाली, तिला द्यायचीय, जरा बरी करून दे. बाहुली नव्वदच्या दशकातली, इथंच बनलेली. केस म्हणजे काथ्या. अंगावर काही नाही. कपाळावर एक आणि हनुवटीवर निळसर-हिरवे पसरट डाग. मी मनापासून काम केलं. केस धुतले, नवे पाय लावले, कारण एक चावलेला होता. आणि डागांना मलम लावून चार दिवस गच्चीवर. डाग इतके सुंदर गेले, की मी माझ्या मैत्रिणींना फोटो पाठवले. हिरवी खणाची साडी नेसवली. काकू आल्या, हातात घेतली, बराच वेळ बघितली. मग म्हणाल्या, हिचं गोंदण कुठं गेलं?

त्यांच्या सासूबाईंच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. आपल्या आज्यांच्या असायचं तसं. लेक लहान असताना आजीच्या मांडीवर बसून तिनं आजीचं बघून बाहुलीला बॉलपेननं ठिपके दिले होते. आजीनं म्हणे तिचा हात धरून सांगितलं होतं, एक इथं, एक इथं. शाई पसरून पसरून मला त्याचा डाग दिसला. आणि मी तो घालवला.

मी म्हटलं, काकू, मी परत काढून देते, माझ्याकडे बारीक ब्रश आहे. त्या म्हणाल्या, तू काढलंस तर ते तुझं व्हईल गं. रागावल्या नाहीत. शिलाईचे पैसे द्यायला लागल्या, ते मी घेतले नाहीत. दिवाळीला लेक आली तेव्हा त्या तिला घेऊन आल्या. मी पेन पुढं केलं. ती बाहुली धरून बसली, कपाळावर एक ठिपका दिला, आणि हनुवटीपाशी थांबली. तीन होते की पाच, तिला आठवेना. काकूंनाही सांगता येईना. सासूबाईंचा एकच फोटो घरात, तो लांबून काढलेला. मी आधी फोटो काढले होते, पण ते केस दिसावेत म्हणून मागून. समोरून एकही नाही.

तेव्हापासून माझ्याकडे बाहुली आली की आधी मी तिचे समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, पायाचे तळवेसुद्धा, फोटो काढते. मग देणाऱ्याला एकेक खूण दाखवून विचारते, हे काय आहे? लोकांना कंटाळा येतो. पण मग कळतं. हे केस दादानं कापले. हा दात कुत्र्याचा नाही, माझा आहे. हे नेलपेंट मावशीच्या लग्नातलं आहे. आणि बाजारातून आलेल्या बाहुलीचं? तिला विचारायला कुणी नाही. तिथं मी अंदाज करते. पेनच्या रेघोट्या असतील तर बहुतेक धाकट्या भावाचं काम. पण दोन्ही कानांवर सारखे ठिपके असतील, भांगात लाल असेल, तर ते कुणीतरी विचार करून केलेलं आहे. तसलं आता मी ठेवते. भांगात कुंकू असलेल्या तीन बाहुल्या आहेत माझ्याकडे. आणलीय एक, नंतर बघा.

आपल्या गावाला हा वाद नवीन नाही. इथून जवळच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं, तेव्हा पॅलेस थिएटर नाव होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तुमच्यातले कितीतरी जण त्या रात्री रस्त्यावर उभे होते, मीही होते. आणि दुसऱ्या दिवसापासून गावात प्रत्येकाच्या तोंडी एकच, जसं होतं तसं उभं करा. मग त्यावर लगेच दुसरं, जसं होतं म्हणजे कधीचं? १९१५ चं, की मधल्या काळात बदलत आलेलं, जे आपण पाहिलं ते? नाट्यगृह आणि बाहुली यांची बरोबरी करत नाही मी. पण प्रश्न त्याच जातीचा आहे. बाहुली मूळची करायची म्हणजे कारखान्यातून निघाली त्या दिवसाची करायची, की ती जिच्याजवळ होती तिच्या हातातली? कारखान्यातली तशी हजारो निघाली. गोंदणाची एकच होती.

आता म्हणाल, मग चेहरा पुसून रंगवायचाच नाही का? तसं नाही. मी रंगवते, आणि आनंदानं रंगवते. काही बाहुल्यांचा चेहरा मुळात उरलेलाच नसतो. एक डोळा घासून गेलेला, ओठ अर्धे. तिथं करायलाच पाहिजे. फक्त जे परत आणता येत नाही ते सगळ्यात शेवटी करायचं. धुणं, केस, कपडे आधी. ते झालं की आठ दिवस समोर ठेवायची. निम्म्या वेळा कळतं, की चेहऱ्याला हात लावायची गरजच नव्हती. केस बसले की चेहरा बरा दिसायला लागतो. हे माणसांनाही लागू आहे. (हशा)

रंगकाम मी शिकले ते गणपतीवाल्यांकडून. आमच्या ओळखीचे एक कुंभारकाका आहेत, त्यांच्याकडे श्रावणात जाऊन बसायचे. मूर्तीचं सगळं काम होतं, रंग होतो, दागिने होतात, आणि डोळ्यांची आखणी शेवटी. ती प्रत्येकाला करू देत नाहीत. काका श्वास सोडताना रेघ ओढतात, आणि मनगट नाही हलवत, सगळा हात हलवतात. मी म्हटलं, काका, माझ्या बाहुलीचा डोळा तांदळाएवढा आहे. ते म्हणाले, मग मूर्ती फिरव, हात फिरवू नको. तेच खरं. ब्रश स्थिर धरायचा आणि डोकं फिरवायचं. आणि दोन्ही डोळे एकदम करायचे. एका डोळ्याची वरची रेघ, लगेच दुसऱ्याची वरची रेघ. एक पुरा करून दुसऱ्याला गेलात की बाहुली तिरळी झालीच म्हणून समजा. मग आरशात बघायचं. चूक आरशात लगेच दिसते.

कृती अशी. डोकं काढून अ‍ॅसिटोननं कापसाच्या काडीनं रंग पुसायचा, साबणानं धुवायचं, पूर्ण वाळवायचं. मग मॅट वार्निशचा स्प्रे, अगदी पातळ थर. व्हिनाईल गुळगुळीत असतं, त्यावर पेन्सिल चालत नाही, या थरावर चालते. त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिली, गालांना सुक्या पेस्टल खडूची पूड, डोळ्यांना अ‍ॅक्रिलिक. प्रत्येक टप्प्यानंतर परत स्प्रेचा थर, म्हणजे पुढची चूक ओल्या ब्रशनं पुसता येते, मागचं शाबूत राहतं. ऑईलपेंट वापरू नका. मघाशी सांगितलं ते तेलकट द्रव्य त्याला वाळूच देत नाही, वर्षभरानंही बोट चिकटतं. आणि स्प्रे मारताना गच्चीवर जा, तोंडाला वाफा अडवणारा रंगाऱ्याचा मास्क लावा. कोरोनातला कापडी मास्क याला उपयोगाचा नाही. हे मी हसत नाही सांगत. मी पहिल्या वर्षी खिडकी लावून खोलीत केलं, आणि दोन दिवस डोकं धरून पडले होते.

या छंदात जगभर गाजलेलं एक नाव आहे, सोनिया सिंग. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या. २०१५ च्या सुरुवातीला त्यांच्या बाहुल्यांचे फोटो सगळीकडे फिरले. तुम्ही पाहिले असतील. त्या टाकाऊ वस्तूंच्या दुकानातून ब्रॅट्झ नावाच्या बाहुल्या आणायच्या, मोठ्या डोळ्यांच्या, जाड ओठांच्या, भरपूर मेकअपच्या. तो मेकअप पुसून साध्या मुलींचे चेहरे रंगवायच्या, आणि त्यांच्या आई लोकरीचे कपडे विणून द्यायच्या. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी. लोक म्हणाले, बघा, केवढी गोड मुलगी आत दडली होती. काम सुंदरच आहे, मी त्यांच्यावरूनच सुरुवात केली. पण पुढं मला त्यात एक गोष्ट खटकायला लागली, माझ्याच हातून झाली म्हणून. शेजारच्या मुलीची अशीच एक झगमगीत बाहुली मी साधी, शाळकरी करून दिली. ती रडायला लागली. तिला ती निळी पापणीच आवडत होती. साधेपणा माझा होता, तिचा नव्हता. मोठ्यांना आवडणारी बाहुली आणि मुलीला आवडणारी बाहुली या वेगळ्या असतात. आपण कुणासाठी करतोय ते आधी ठरवावं.

याच्या उलट एक. एक नववीतली मुलगी आली, म्हणाली, काकी, हिला माझ्यासारखी कर. सावळी. कंपनीनं १९६८ मध्ये बार्बीची काळी मैत्रीण काढली, क्रिस्टी, पण बार्बी हेच नाव असलेली काळी बाहुली यायला १९८० उजाडलं. आमच्या भंगारात त्या कुठून येणार? येतात त्या बहुतेक सगळ्या गोऱ्या. रंग वरून लावला तर सांध्यांत घासून जातो. पण पॉलिस्टर कापडाला लावतात तो रंग प्लॅस्टिकमध्ये मुरतो. आपलं इचलकरंजी जवळ, तो रंग मिळायला अडचण नाही. गरम पाण्यात रंग घालून बाहुली त्यात हलवत राहायची. आणि इथं परत ते तीन प्लॅस्टिकांचं प्रकरण आलं. डोकं पाच मिनिटांत गडद, पाय त्याहून लवकर, आणि धड अर्ध्या तासानंही फिकटच. म्हणून सुटे भाग करून, प्रत्येक वेगळा वेळ ठेवून काढायचा. दोन बाहुल्या चितळासारख्या झाल्या, तिसरी जमली. त्या मुलीनं आपला हात बाहुलीच्या शेजारी धरून बघितला. म्हणाली, अजून थोडी. परत बुडवली. त्यानंतर डोळे मी रंगवले, पण कसे हवेत ते ती शेजारी बसून सांगत होती.

कपड्यांबद्दल थोडंच बोलते, नाहीतर रात्र होईल. ही बाहुली साधारण साडेअकरा इंचांची, म्हणजे माणसाच्या एक षष्ठांश धरतात. आता हिशेब करा. नऊवारी साडी सव्वाआठ मीटर, तिचा सहावा भाग म्हणजे एक मीटर सदतीस सेंटिमीटर. एवढं कापड घेऊन मी नेसवायला बसले. साडी छोटी झाली, पण कापडाची जाडी सहापट कमी झाली नाही ना! सगळ्या निऱ्या कंबरेशी आल्या आणि बाहुली पिंपासारखी दिसायला लागली. म्हणून निऱ्या सुट्या शिवून, आतून कापड कापून टाकावं लागतं. पैठणीचा काठ तर नकोच, ब्लाऊजपीसचा अर्ध्या बोटाचा काठ घ्या, नाहीतर पातळ मलमल. आणि कोल्हापुरी चप्पल! सगळे सांगतात, ताई, कोल्हापूरची बाहुली, चप्पल पाहिजेच. चप्पल लाईनीत चावीला लावायची छोटी चप्पल मिळते, तीसुद्धा हिला होडीसारखी होते. आणि मुळात हिचा पाय कायम टाचा उचललेला, उंच टाचांच्या बुटासाठी केलेला. सपाट पायाच्या बाहुल्या आता मिळतात, २०१५ मध्ये कंपनीनं घोट्यात हलणारा पाय आणला, २०१६ मध्ये ठेंगणी, उंच, भरल्या अंगाची असे प्रकारही आले. पण आमच्या माळ्यावरच्या सगळ्या चवड्यांवर उभ्या. त्यांना मी नऊवारीत अनवाणीच ठेवते. अंगणात उभ्या आहेत असं समजायचं.

वेळ संपत आली. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून एका बाईंनी विचारलं, की जुनी बाहुली रंगवली तर तिची किंमत वाढते की कमी होते?)

संग्रह करणारे लोक मूळ रंग बघतात. त्यांच्या दृष्टीनं चेहरा पुसला की किंमत गेलीच. तुमच्याकडे खरोखर साठ-सत्तरच्या दशकातली असेल, परदेशातून कुणी आणलेली असेल, तर धुण्यापलीकडे काही करू नका. तिच्या कानात धातूचे डूल असतील तर ते काढून ठेवा, त्यातल्या तांब्यानं कान हिरवे पडतात. बाकीच्यांना तशीही बाजारात किंमत नाही, तेव्हा तो विचार सोडून द्या.

(दुसऱ्या एका श्रोत्या पिशवीतून बाहुली घेऊन पुढं आल्या. हिचे डोळे रंगवून द्याल का, असं त्यांनी विचारलं.)

द्या इकडं. हं. एक डोळा गेलाय. कुणाची, तुमची? बहिणीची. बरं, आणि ही हनुवटीवरची रेघ कसली आहे? नाही माहीत? मग बहिणीला आज रात्री फोन करून विचारा, फोटो पाठवा तिला. डोळा मी करून देईन, पण आत्ता नको. जुलै आहे. आपल्याकडच्या या पावसात हवेतला दमटपणा स्प्रेच्या थरात अडकतो आणि चेहऱ्यावर पांढरं धुकं येतं, ते परत पुसूनच काढावं लागतं. पाऊस जाऊ दे. दसऱ्यानंतर घेऊन या, आणि रेघ कसली ते चिठ्ठीवर लिहून आणा.